विश्लेषण : मागचे खेळाडू ताटकळले असतील तर? डिस्क गोल्फमधील ‘पुढे जाऊ द्या’ या शिष्टाचाराचे गणित

कॅलिफोर्नियातील एका सार्वजनिक उद्यानात गेल्या मे महिन्यात प्लॅस्टिकची एक जड चकती माझ्या मावशीपासून पाचेक पावलांवर येऊन गवतात रुतली. मावशी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेली होती, मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर. दादा, वहिनी, त्यांची सात वर्षांची मुलगी, मावशी आणि मी असे पाच जण डिस्क गोल्फ खेळत होतो. खेळत कसले! चकती फेकायची, ती झुडपात गेली की पाचही जणांनी शोधायची, मध्येच खारीचा फोटो काढायचा, असे निवांत चालले होते. दोन तरुण सुरुवातीपासून आमच्या मागे थांबत थांबत येत होते. ते एकदाही काही बोलले नाहीत आणि आम्ही एकदाही मागे वळून नीट पाहिले नाही. पाचव्या टप्प्यावर त्यांचा धीर सुटला. आम्ही पल्ल्याबाहेर गेलो आहोत, असा अंदाज बांधून एकाने चकती फेकली. अंदाज चुकला.

कुणाला लागले नाही. तो मुलगा धावत आला, चार वेळा माफी मागितली. मावशी त्याला मराठीतच म्हणाली, ‘अरे, मग आधीच सांगायचंस ना, आम्ही बाजूला झालो असतो!’ दादाने भाषांतर केले. त्यावर तो म्हणाला की, सोबत वयस्कर बाई आणि लहान मूल आहे, त्यांना घाई केल्यासारखे दिसेल म्हणून विचारले नाही. म्हणजे तोही सभ्यपणे वागत होता आणि आम्हीही. दोन्ही बाजूंच्या या सभ्यपणातून निघालेली चकती मात्र ताशी कितीतरी किलोमीटर वेगाने आली.

अमेरिकेत मुले-नातवंडे असलेल्या अनेक घरांत शनिवार-रविवारी उद्यानातला हा फुकटचा खेळ आता ओळखीचा झाला आहे. त्यात मागच्यांना पुढे कधी सोडायचे, कुठे सोडायचे, आणि मागच्यांनी ते कसे मागायचे, हे समजून घेऊ.

डिस्क गोल्फ म्हणजे काय?

गोल्फच, पण चेंडू आणि काठीऐवजी फ्रिस्बीसारखी डिस्क. ठरलेल्या चौथऱ्यावरून (याला टी म्हणतात) डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत लोखंडी साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. अशा एका टप्प्याला खड्डा नसला तरी ‘होल’च म्हणतात. सहसा १८ होल असतात. डिस्क खेळण्यातल्या फ्रिस्बीपेक्षा लहान, कडेला धारदार आणि साधारण १५० ते १८० ग्रॅम वजनाची असते. नवखा माणूस ती पन्नास-साठ मीटर फेकतो, सरावलेला शंभर मीटरच्या पुढे. विक्रम ३३८ मीटरचा आहे. तो २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्याची साथ घेऊन झाला. हे आकडे पुढे कामाला येतील.

साखळ्यांच्या टोपलीची कल्पना एड हेडरिक यांची. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत ते काम करत. लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिले कायमस्वरूपी मैदान त्यांनी आखले आणि १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, म्हणजे पीडीजीए, स्थापन केली. खेळावर त्यांचा जीव इतका की २००२ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवण्यात आल्या.

इथे रांग लावायला कुणी का नसते?

खरी मेख इथेच आहे. गोल्फ क्लबमध्ये वेळ आधी आरक्षित करावी लागते, दोन गटांत काही मिनिटांचे अंतर ठेवून सोडले जाते, रेंगाळणाऱ्यांना हटकायला मार्शल गाडीतून फिरत असतो. डिस्क गोल्फची बहुतांश मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये झाडांच्या गर्दीत १८ होलचे मैदान आहे, तिथे कुणीही यावे, पैसे न देता खेळावे. सॅन डिएगोच्या मोर्ली फील्डसारखी थोडी शुल्क घेणारी मैदानेही आहेत, पण बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, आरक्षण नाही आणि अर्थातच मार्शलही नाही.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मोकळ्या हवेत अंतर राखून खेळता येणारा खेळ म्हणून नवे खेळाडू झपाट्याने वाढले. आता रविवारी सकाळी पहिल्या टीवर एकटा सराव करणारा, दोन कॉलेजकुमार, चार मित्र आणि आमच्यासारखे पाच जणांचे कुटुंब, असे सगळे एकाच वाटेवर लागतात. प्रत्येकाची चाल वेगळी, वाट मात्र एकेरी.

पीडीजीएची नियमपुस्तिका आहे, पण तिची अंमलबजावणी स्पर्धेत होते आणि स्पर्धेत गटांचा क्रम आधीच लावलेला असतो. तिच्यातले तीन नियम मात्र एरवीही उपयोगी पडतात. आपली पाळी आल्यावर, जागा मोकळी असेल तर, ३० सेकंदांत फेकायचे. हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटे, त्यानंतर ती हरवली असे धरायचे. आणि कुणाला लागणार नाही याची खात्री झाल्याशिवाय हात उचलायचाच नाही. स्पर्धेत अशी सभ्यता मोडली तर आधी ताकीद आणि नंतर एका फेकीचा दंड मिळतो. रविवारच्या उद्यानात ताकीद देणार कोण?

मूळ गोल्फमध्ये ही रीत कशी आली?

तिथेही ती वळणे घेत आली. जुन्या शिष्टाचारानुसार एकट्या खेळाडूला मैदानावर काही ‘स्थान’च नव्हते. त्याने समोर येईल त्या जोडीला, चौकडीला वाट द्यायची. म्हणजे हक्क संख्येवर. पुढे हे बदलले आणि एकटा खेळाडू हाही एक गटच मानला गेला. २०१९ पूर्वीच्या नियमपुस्तिकेत शिष्टाचाराचे वेगळे प्रकरण होते. त्यात म्हटले होते की, ज्या गटाच्या पुढे एक अख्खे होल रिकामे पडले आहे आणि ज्याच्यामुळे मागचे खोळंबले आहेत, त्याने मागच्या गटाला पुढे जाण्याचे निमंत्रण द्यावे, मग त्या गटात माणसे कितीही असोत. २०१९ च्या नव्या नियमांतही वेगवान गटाला पुढे जाऊ देण्यास प्रोत्साहन आहे. प्रोत्साहन, सक्ती नव्हे. डिस्क गोल्फने हीच रीत उचलली.

त्या जुन्या वाक्यातला ‘निमंत्रण’ हा शब्द फार नेमका आहे. पुढे जाण्याचा हक्क मागच्याला आपोआप मिळत नाही. तो पुढच्याने द्यायचा असतो.

थांबल्याने नेमके कुणाचे किती जाते?

‘आम्ही आधी आलो, आम्ही का थांबायचे?’ हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर उपदेशात नसून साध्या बेरीज-गुणाकारात आहे.

समजा, पाच जणांच्या गटाला एका होलला ९ मिनिटे लागतात आणि मागच्या दोघांना ५. तिसऱ्या होलवर दोघांनी पाच जणांना गाठले. पुढे सोडले नाही, तर उरलेल्या १६ होलवर त्यांना प्रत्येक वेळी ४ मिनिटे थांबावे लागेल. म्हणजे दोघांचे प्रत्येकी ६४ मिनिटे, मिळून १२८ मिनिटे फक्त उभे राहण्यात गेली. आता पाच जणांनी तिसऱ्या होलच्या टीवरच त्यांना पुढे सोडले तर? दोघे फेकतील, चालत जातील, पल्ल्याबाहेर होतील. त्याला चार मिनिटे धरू. पाच माणसांची प्रत्येकी चार, म्हणजे एकूण वीस मिनिटे, तीही एकदाच. एकीकडे १२८ आणि दुसरीकडे २०.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना आम्हाला ‘कॉन्व्हॉय इफेक्ट’ शिकवला होता. जो आधी आला त्याचे काम आधी, असा नियम ठेवला आणि एक अवजड काम पुढे लागले, की मागची सगळी चिटुकली कामे त्याच्या चालीने रखडतात. परीक्षेत त्यावर पाच गुण होते. ते कुठे भेटेल, तर कॅलिफोर्नियातल्या ओक वृक्षाखाली!

पण याच गणिताची दुसरी बाजू आहे आणि घाईतले खेळाडू ती सोयीस्कर विसरतात. समजा, पाच जणांच्या पुढेही प्रत्येक होलवर चार-चार जण आहेत आणि त्यांची चालही साधारण ९ मिनिटांचीच आहे. मग दोघांना पुढे सोडले तर ते पुढच्याच टीवर दुसऱ्या गटाच्या मागे अडकतील. पाच जणांची वीस मिनिटे खर्ची पडली आणि दोघांच्या हाती जवळपास काहीच आले नाही. अशा दिवशी मैदानच भरलेले असते. ‘आम्हाला सोडा’ म्हणणे हे सिग्नलला उभ्या असलेल्या रांगेत मागून हॉर्न वाजवण्यासारखे आहे.

त्यामुळे पुढे सोडण्याच्या अटी दोन. मागचे खोळंबले असले पाहिजेत आणि पुढचे होल रिकामे असले पाहिजे. यातली एकच पूर्ण होत असेल तर आहे तसे खेळत राहावे. मागच्यांनी एकदा गाठले तर तो योगायोगही असू शकतो, आपली डिस्क हरवली असेल. सलग दोन होलवर ते टीवर हात बांधून उभे दिसले तर तो योगायोग नव्हे.

एकामागून एक तीन-चार गट येऊ लागले तर काय, हा प्रश्न मी दादाला विचारला. अशा वेळी दर गटाला थांबत बसण्यापेक्षा आपल्या गटाचे दोन तुकडे करावेत, असे त्याचे म्हणणे. ते पटते. पाच जणांऐवजी दोन आणि तीन. चाल आपोआप वाढते आणि गप्पांना फार तर एका होलचा विरह होतो.

पुढे सोडायचे कुठे आणि कसे?

एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी पॅसेंजर गाडी स्टेशनातल्या लूप लाइनवर उभी करतात, दोन स्टेशनांच्या मधे कुठेही नाही. डिस्क गोल्फमधली लूप लाइन म्हणजे टी. आपले होल संपवून पुढच्या टीवर जायचे, फेकायचे नाही, मागच्यांची वाट पाहायची, त्यांना पुढे करायचे. सगळे फेकणाऱ्याच्या पाठीमागे उभे. याच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. शिवाय दोन गोष्टी बोलायलाही मिळतात.

होलच्या मध्यावर सोडायची वेळ आली तर काळजी वाढते. डिस्क शोधताना तीन मिनिटे होत आली आणि मागे माणसे उभी दिसली, तर शोध थांबवून सगळ्यांनी एका बाजूला यायचे, शक्यतो जाड खोडामागे, आणि मग वर हात करून मागच्यांना खूण करायची. क्रम महत्त्वाचा. आधी सगळे बाजूला, मग खूण. लहान मूल झुडपात डिस्क शोधत असताना आपण हात हलवला, तर ती खूण खोटी ठरते. घाटात पुढचा ट्रकवाला उजवा दिवा लावून ‘जा’ म्हणतो तेव्हा वळणापलीकडचा रस्ता त्याने आपल्या वतीने पाहिलेला असतो, या विश्वासावर आपण गाडी काढतो. इथेही तसेच. मागून फेकणाऱ्याला झाडांमुळे सगळे दिसत नाही. तो आपल्या हातावर विश्वास ठेवतो.

डिस्क हवेत असेपर्यंत तिच्यावर नजर ठेवावी. ती सरळ जातेच असे नाही. उजव्या हाताने, पाठीकडून हात फिरवून फेकलेली डिस्क वेग ओसरताना डावीकडे वळते, जमिनीला टेकून उसळते, कधी कडेवर उभी राहून चाकासारखी पळत सुटते. फेक भरकटली तर गोल्फप्रमाणेच इथेही ‘फोर!’ अशी हाक देतात. ती ऐकली की वर बघायचे नाही, डोके झाकून खाली वाकायचे. पुढचे दिसत नाही अशा काही होलवर घंटा किंवा झेंडाही असतो. होल रिकामे करणाऱ्याने तो वाजवायचा किंवा फिरवायचा. तिथून जाताना हे काम विसरू नये.

ज्यांना वाट मिळाली त्यांचेही देणे आहे. लगेच फेकावे, एकेकच फेकावे. बिघडलेली फेक ‘पुन्हा एकदा’ म्हणून फेकू नये. टोपलीशी सरावाचे नेम लावत बसू नये, कारण पाच माणसे त्यांच्यासाठी उन्हात उभी आहेत. नियमांतही वेळ वाचवण्यासाठी संमतीने क्रम मोडून फेकायला मुभा आहे, ती अशा वेळी वापरावी. जाता जाता आभार मानावेत, हे सांगायला नको, पण मी दोन गट असे पाहिले ज्यांनी मानले नाहीत.

मग संथ खेळणे हा गुन्हा आहे का?

अजिबात नाही, आणि या लेखाचा सूर तसा वाटला असेल तर दुरुस्त करतो. वेगवान खेळाडूंच्या चर्चेत ‘त्यांना शिस्त नाही’, ‘फिरायला येतात आणि डिस्क फेकतात’ अशी भाषा कानावर येते. पण ही मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत. तिथे चालायला, बाळगाडी घेऊन फिरायला येणाऱ्यांना तर खेळाडूंच्याही आधी वाट द्यायची असते. पहिल्यांदा डिस्क हातात घेतलेली मुलगी, गुडघे दुखत असतानाही चार होल खेळणारी मावशी, हीच उद्याची गर्दी आणि आजचा जनाधार. वेगाला प्राधान्य देता देता उद्यान फक्त ज्यांचा हात शंभर मीटरचा आहे त्यांचेच होऊन बसले, तर ‘सर्वांसाठी मोफत’ या पाटीला काय अर्थ राहिला?

म्हणून माझ्या मते जबाबदारीची वाटणी अशी हवी. संथ गटाने वेग वाढवायचा नाही, मागे बघायचे. प्रत्येक टीवरून निघताना एकदा मान वळवली तरी पुरे. आणि वेगवान गटाने मनातल्या मनात चरफडायचे नाही, चालत जाऊन विचारायचे. ‘पुढचं होल रिकामं दिसतंय, तुमची हरकत नसेल तर आम्ही पुढे जाऊ का?’ या एका वाक्यात अपमान कुणाचाच नाही. सुस्कारे टाकणे, कमरेवर हात ठेवून उभे राहणे, मोठ्याने घड्याळाचा उल्लेख करणे हे विचारणे नव्हे. समोरचा परक्या देशात आलेला, भाषा बेताची असलेला असेल, तर त्याला त्या सुस्काऱ्याचा अर्थ कळेलच असे नाही. आम्हाला कळला नव्हता.

आणि समोरच्याने ‘नाही’ म्हटले तर? थांबायचे. निमंत्रण नाकारण्याचा हक्क आहे, म्हणूनच ते निमंत्रण आहे. कुणाच्या दिशेने डिस्क फेकून ‘आम्ही आहोत’ हे कळवणे कोणत्याही परिस्थितीत माफ होऊ शकत नाही. पावणेदोनशे ग्रॅमची कडक कड डोळ्याला किंवा कानशिलाला लागली तर काय होईल, याला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही. पूल बांधणारा अभियंता सरासरी वजनावर पूल बांधत नाही, जास्तीत जास्त किती भार येईल ते धरतो आणि वर आणखी मोकळीक ठेवतो. पुढचे किती लांब गेले म्हणजे फेकायचे, याचेही माप आपली नेहमीची फेक हे नसून आजवरची सर्वांत लांब गेलेली फेक, अधिक वारा, अधिक उसळी हे आहे. त्या तरुणाने आपली नेहमीची फेक धरली होती. त्या दिवशी मागून वारा होता.

तो आणि त्याचा मित्र सहाव्या होलच्या टीवरून आमच्यापुढे गेले. मी सवयीने मोबाइलमध्ये वेळ लावली, साडेतीन मिनिटे लागली. मावशी तेवढ्यात बाकावर बसून शेंगदाण्याचा लाडू खाऊन मोकळी झाली आणि एक त्या दोघांच्या हातावर ठेवायचा राहिला म्हणून हळहळली.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. मागे बघण्याची ड्युटी पुतणीने स्वतःहून घेतली आणि अत्यंत कडकपणे बजावली. तिने तीन वेळा आम्हा सगळ्यांना बाजूला उभे केले आणि हात हलवून मागच्यांना पुढे बोलावले. त्यातले दोन गट खेळाडूंचे होते. तिसरे एक आजी-आजोबा होते, नुसतेच फिरायला आलेले. तेही तिचे आभार मानून पुढे गेले.